सहा महिने आणि तीन दिवस

मी बी.कॉम., तेही फर्स्ट क्लास. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकाउंटंट. आणि आम्हा दोघांना मिळून सहा महिने मोजता आले नाहीत. ही हकिकत मी आजवर कुणाला सलग सांगितलेली नाही. सांगायला बसले की ऐकणारा मध्येच विचारतो, "पण मग तुम्ही सरळ असं का नाही केलंत?" आणि माझी गाडी तिथेच अडते. आम्ही नक्की काय करायला हवं होतं, ते मला इतक्या वर्षांनीही कळलेलं नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. बहरीनला अरादमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं, विमानतळापासून गाडीने दहा मिनिटांवर. विमानं इतकी खालून जायची की बोलता बोलता थांबावं लागे. लग्न होऊन मी तिथे गेले त्याला चार वर्षं झाली होती. नोकरीवर नवऱ्याचा रेसिडेन्स व्हिसा, त्याच्या व्हिसावर माझा, आणि त्यावर मिळालेलं सीपीआर नावाचं ओळखपत्र. हे कार्ड पर्समध्ये असलं की आपण तिथले. आपल्या वस्तीतल्या सरकारी हेल्थ सेंटरवर जावं, खिडकीत कार्ड द्यावं, आतून आपली फाइल यायची, डॉक्टर तपासायचे आणि औषधं जवळपास फुकट मिळायची. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या दुखण्याखुपण्याचाही भार सरकार उचलायचं, फक्त तुम्ही कागदावर तिथले रहिवासी असायला हवेत. मला त्याचं काही अप्रूप नव्हतं. नळाला पाणी येतं तसं ते येत होतं.

एक नियम मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होता. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलात की रेसिडेन्स गेला. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

दिवस राहिले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. माहेर सांगलीला. आईने पत्रात लिहिलं, पाडवा झाला की ये आणि गौरी-गणपती करून जा. आमच्या दोन्ही घरांत असंच मोजतात. नणंद कुवेतला होती, ती आदल्याच वर्षी पाडव्याला येऊन गणपतीनंतर परत गेली होती, आणि तिचे पाच महिन्यांवर जेमतेम आठवडा झाला होता. नवऱ्याने विचारलं, "सहा महिन्यांच्या आत बसतंय ना?" मी बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. पाच. वर गणपतीचे दिवस. मी म्हटलं, "आरामात बसतंय." त्याने मान डोलावली आणि तिकिटाचं बघायला गेला.

त्या वर्षी आषाढ दोनदा आला. अधिक महिना होता.

आता हे आम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकीचं बारसं झालं आणि पाठोपाठ अधिक लागला. आईने एवढ्या गडबडीतही जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे तळले, आणि नवऱ्याच्या कंपनीतला एक मिरजेचा फोरमन सुटीवरून परत निघाला होता त्याच्या हाती डबा बहरीनला पाठवला. नवऱ्याने ते अनारसे ऑफिसात वाटले, उरलेले खाल्ले आणि छान झाल्याचं पत्र पाठवलं. म्हणजे अख्ख्या घरादाराने अधिक महिना साजरा केला. मोजला कुणीच नाही.

शिवाय माझं लक्ष दुसरीकडे होतं. मुलगी जन्मली तीच डावा पाय आत वळलेला घेऊन. तळवा वर, टाच ओढलेली. सुईणीने दुपट्यात गुंडाळताना पाय झाकला, त्यावरूनच मला कळलं की काहीतरी आहे. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यापासून प्लास्टर सुरू केलं. दर आठवड्याला जुनं भिजवून काढायचं, पाय थोडा सरळ करायचा, नवं घालायचं. आठवडा चुकवायचा नाही, पाय परत फिरतो, असं त्यांनी बजावलं होतं. मी तो आठवडाच तेवढा मोजत होते. सोमवार ते सोमवार. महिन्यांकडे कोण बघतंय.

निघायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "टाचेमागची शीर आखूड आहे. पाच महिन्यांच्या आसपास एक लहानसं ऑपरेशन लागेल. तिकडे सरकारी दवाखान्यात सोय आहे म्हणता, तर तिकडेच करून घ्या. पुढे वर्षभर त्याच डॉक्टरांना दाखवावं लागतं." मला ते पटलं. नवऱ्याने लेकीच्या जन्मदाखल्याची प्रत मागवून घेऊन तिचा रेसिडेन्स व्हिसा आधीच करून पाठवला होता. तिचा पासपोर्ट वेगळा काढला होता. साडेतीन महिन्यांच्या बाळाचे कागद किती व्यवस्थित होते म्हणून सांगू. एकावर एक टाचण्या लावून, प्लास्टिकच्या पिशवीत.

गौरी गेल्या आणि आम्ही दोघी मायलेकी निघालो. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी बहरीनला उतरलो.

विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीतल्या माणसाने आधी लेकीचा पासपोर्ट घेतला. व्हिसाचा कागद बघितला, तिच्याकडे बघून हसला, शिक्का मारला. मग माझा घेतला. पानं उलटली. परत मागे गेला. मग डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मोजत होता माझ्यासारखंच, पण मार्च, एप्रिल, मे असं. त्याला आषाढ एकदाही लागला नाही.

"सिक्स मंथ, थ्री डेज," तो म्हणाला. "रेसिडेन्स खलास."

मी म्हटलं, नाही हो, पाच महिने. त्याने पासपोर्ट माझ्यापुढे फिरवून जाण्याचा शिक्का दाखवला, मग भिंतीवरचं कॅलेंडर. मी दोन्हीकडे बघत राहिले. अजूनही मला वाटत होतं की त्याचंच काहीतरी चुकतंय. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेबी ओके. बेबी कॅन गो. यू, नो."

मी विचारलं, बेबी कशी जाणार? त्याने खांदे उडवले. त्याला मी वेडी वाटले असणार, आणि मला तो.

दोन तास मी एका खुर्चीवर बसून होते. मांडीवर बहरीनची रहिवासी, आणि तिला पाजणारी मी कुठलीच नाही. कुणी रागावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकाने पाण्याची बाटली आणून दिली. मला रडू येत नव्हतं, नुसतं डोकं बंद पडलं होतं. अरे, माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे. गॅसचा सिलिंडर माझ्या नावाने येतो. मनात मी हेच परत परत म्हणत होते.

शेवटी बाहेर थांबलेल्या नवऱ्याने कंपनीच्या मंदूबला आणलं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा कंपनीचा माणूस. आमचा मंदूब बहरीनीच होता, पन्नाशीचा, हिंदी बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला इंशाल्ला लावायचा. त्याने आत जाऊन कुणाकुणाच्या हातापाया पडून मला दोन आठवड्यांचा व्हिजिट व्हिसा मिळवून दिला. "मदाम, मुश्किल नहीं. अंदर बैठ के सब नया बनेगा, इंशाल्ला." मी माझ्याच घरी दोन आठवड्यांची पाहुणी म्हणून आले.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना अख्खी बिल्डिंग चाची म्हणायची. त्यांचे यजमान एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. चाचींनी चार मुलं वाढवली होती आणि कुणाच्याही घरात त्या दार न वाजवता यायच्या. त्या दिवशीही आल्या, चहाची किटली घेऊन. "पावनी आलीस म्हनं," म्हणाल्या. मग लेकीला माझ्याकडून काढून घेतली, प्लास्टरवर टिचकी मारली आणि तिच्याशी बोलायला लागल्या. मला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं.

लेकीचं कार्ड आठवड्यात झालं. फोटो काढताना नवऱ्याने पांढऱ्या चादरीमागून तिची मान धरली होती, त्याची दोन बोटं कार्डावर अजून दिसतात. ते कार्ड घेऊन मी हेल्थ सेंटरवर गेले, कारण मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी तिथूनच मिळायची. त्याच सुमाराला माझी छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात ताप होता. म्हटलं, एका खेपेत दोन्ही कामं उरकू.

खिडकीवर एक तरुण बहरीनी मुलगी होती. तिने लेकीचं कार्ड घेऊन नवी फाइल उघडली, कोरी करकरीत. मग माझं कार्ड घेतलं. कार्डावरची मुदत अजून वर्षभर होती. आतून माझी फाइल आली, चार वर्षांच्या सर्दी-पडशांनी जाडजूड झालेली. ती नंबर लिहिणार इतक्यात माझ्या तोंडातून निघालं, "पण मी आता व्हिजिटवर आहे."

हे मी का बोलले असेन? कुणी विचारलं नव्हतं. खरं बोलायची खोड म्हणा, नाहीतर मलाच कुणाकडून तरी ऐकायचं होतं की मी कोण आहे. त्या मुलीने पेन खाली ठेवलं. कार्ड बघितलं, पासपोर्ट बघितला. आत जाऊन एका वयस्क बाईंना घेऊन आली. त्यांनीही दोन्ही बघितलं. दोघी अरबीत हळू आवाजात बोलल्या आणि तिसऱ्या कुणाला तरी फोन केला. माझ्यामागे रांग वाढत होती. शेवटी त्या वयस्क बाई म्हणाल्या, "कार्ड इज रेसिडेंट. यू आर व्हिजिटर. आय डोंट नो, सिस्टर." आणि माझी जाड फाइल परत आत गेली. ज्या खिडकीवर मी चार वर्षं येत होते तिथे बाळाला डॉक्टर मिळाला आणि मला नाही. नर्सने मात्र लेकीला बघताना माझ्या कपाळाला हात लावला, गरम फडक्याने शेकायला सांगितलं आणि दाराकडे बघत दोन गोळ्या माझ्या मुठीत दिल्या.

संध्याकाळी नवरा चिडला. "तुला कुणी विचारलं होतं का?"

"मग खोटं बोलू?"

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"अहो, उद्या त्यांना कळलं असतं तर? लेकीची फाइल पण बंद केली असती म्हणजे?"

कोण बरोबर होतं यावर आमचं आजतागायत एकमत नाही. कधी मला त्याचं पटतं, मग त्याला माझं पटतं, आणि परत आम्ही भांडतो.

मोठ्या दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर इजिप्तचे होते. मिरजेच्या कामाची त्यांनी तारीफ केली आणि तेच सांगितलं, शीर सैल करायला हवी. दर आठवड्याचं प्लास्टर तोवर तिथेच बदलायचं ठरलं, आणि त्यांनी तारीख दिली, पाचेक आठवड्यांनंतरचा एक मंगळवार. त्यानंतर ते लांब रजेवर जाणार होते. आल्यावर बघू म्हटलं तर लेक आठ-नऊ महिन्यांची झाली असती, आणि उशीर होईल तसा पाय कडक होत जातो, मोठी चिरफाड लागते, असं ते म्हणाले. मी मान हलवली आणि तारीख कॅलेंडरवर लिहिली. तोवर माझं सगळं आतल्या आत मार्गी लागेल, असा मंदूबचा शब्द होता.

माझा व्हिजिट व्हिसा वाढवता वाढवता पाच आठवड्यांवर आला आणि तिथे थांबला. त्याची शेवटची तारीख होती शनिवार. ऑपरेशन मंगळवारी.

ते दिवस आठवले की मला सल्ल्यांचा नुसता गलका ऐकू येतो. एक ओळखीचा म्हणाला, व्हिजिटचा रेसिडेन्स आत राहून होतो, त्याच्या मेव्हणीचा झाला. दुसरा म्हणाला, कधीच होत नाही, त्याच्या भावाला बाहेर जावं लागलं. कुणी म्हणे जुना व्हिसा आधी रद्द करा, कुणी म्हणे तो आपोआप रद्द झालाय. मंदूब रोज कुठे ना कुठे जाऊन यायचा आणि रोज नवं ऐकवायचा. शेवटी तो स्वतः घरी आला. चपला बाहेर काढल्या, बैठकीत बसला, आणि पहिल्यांदाच इंशाल्ला न म्हणता बोलला. "मदाम, बाहर जाना पड़ेगा. पुराना रद्द, मदाम बाहर, फिर नया अर्ज." मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, दस दिन. मग म्हणाला, एक महीना. मग छताकडे बघितलं.

"आणि तीन दिवस जास्त राहिले तर?" मी विचारलं. "मंगळवार करून जाते."

त्याने कानाला हात लावला. मुदत उलटून राहिलेल्या बाईला नवा व्हिसा मिळायची खात्री तो देणार नव्हता.

म्हणजे मी जायचं हे ठरलं. प्रश्न लेकीचा होता. तिला बरोबर न्यावं तर ऑपरेशन हुकणार, आणि परत कधी येणं होईल ते कुणालाच माहीत नाही. ठेवावं तर जेमतेम पाच महिन्यांचं अंगावरचं पोर बापाच्या हवाली करून जायचं. ती तिथली होती, तिचा तिथल्या डॉक्टरवर हक्क होता. मी नव्हते. आईने फोनवर सांगितलं, "लेकराला घेऊन ये, पाय मिरजेलाही होईल." सासरे म्हणाले, ठेव, इतकी चांगली सोय कुठे मिळणार. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." या वाक्याचा मला इतका संताप आला की मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. मी काय म्हणणार होते? मी सकाळी एक म्हणायचे आणि दुपारी दुसरं. बॅगेत तिची झबली भरायचे आणि परत काढायचे.

तीन-चार दिवस हे चाललं तेव्हा चाची वर आल्या. बॅग उघडी होती. त्यांनी बॅगेतली झबली काढून कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "पाय करून घे तिचा. मी हाय ना." त्या क्षणी माझं मीच ठरवलं, की दुसऱ्या कुणीतरी ठरवलं म्हणून मी नुसता सुटकेचा श्वास टाकला, हे मला सांगता येणार नाही. आपण होऊन तर मी ते कधीच ठरवलं नसतं, एवढं खरं.

मग लेकीला बाटलीची सवय लावायची होती. ती घेईना. मी खोलीत असले की तिला माझा वास यायचा, आणि ती बाटली ढकलून माझ्याकडे झेपावायची. चाची म्हणाल्या, "तू भाईर जा." म्हणून मी दुधाच्या वेळेला जिन्यात जाऊन बसायचे. आतून रडणं ऐकू यायचं. चोळी भिजायची. वरचे मल्याळी शेजारी येता-जाता विचारायचे, की किल्ली विसरलात का. मी हो म्हणायचे. आठव्या दिवशी रडणं लवकर थांबलं. मी खूश व्हायला हवं होतं. मी जिन्यातच बसून राहिले, कितीतरी वेळ.

शनिवारी सकाळी मी निघाले. खिडकीवर एक शिक्का बसला आणि मी देशाबाहेर झाले. त्या माणसाने बाळाचं काही विचारलं नाही, त्याला काय माहीत असणार.

सांगलीत आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. मंगळवारी मी सकाळपासून शेजारच्यांच्या फोनपाशी बसले होते. दुपारी नवऱ्याचा फोन आला. "झालं. शुद्धीवर आली. चाची आहेत." मी विचारलं, रडतेय का? तो म्हणाला, नाही, झोपलीय. एवढंच बोलणं झालं, मग लाइन तुटली. घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा ती देवापाशी जाऊन बसली आणि मग माझ्या छातीला घट्ट पट्टा बांधायला आली. दूध आटवायचं होतं. आम्ही दोघी त्या वेळी रडलो, भरपूर.

दहा दिवसांचे सात आठवडे झाले. का झाले ते कुणी सांगू शकलं नाही. एक कागद आधी हवा होता तो नंतर आला, असं काहीतरी नवऱ्याने पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र पाच-सहा वेळा वाचलं आणि मला कळलं नाही. शेवटी व्हिसा आला, आणि तोही अगदी सरळ, एका पाकिटात.

या खेपेला खिडकीवरच्या माणसाने वर बघितलंसुद्धा नाही. शिक्का मारला आणि पासपोर्ट सरकवला. बाहेर नवरा एकटाच होता. लेकीला थोडी सर्दी आहे म्हणून आणली नाही, म्हणाला. गाडीत मी तिच्या पायाचं विचारत होते आणि तो सांगत होता, आता प्लास्टर नाही, फक्त लहानसे बूट आहेत, डॉक्टर खूश आहेत. पुढच्या मंगळवारी दाखवायचं आहे, तू घेऊन जा, तुझं कार्ड आता चालेल.

घरी चाची तिला घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. लेक मोठी झाली होती, सात महिन्यांची, गाल वर आलेले. दोन्ही पाय पुढे सरळ, दोन्ही तळवे माझ्याकडे. मी बॅग टाकली आणि तिला उचललं. तिने माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, ओठ काढला आणि किंचाळायला लागली. अंग मागे टाकून, दोन्ही हात चाचींकडे करून. मी तिला थोपटलं, झोके दिले, तिची सगळी नावं घेतली. ती आणखी ताठ होत गेली. नवरा म्हणाला, "दे, दे त्यांच्याकडे, सर्दीने किरकिर करतेय." मी दिली नाही. मी चाचींना विचारलं, "तिला कसं गप्प करता तुम्ही?"

चाची उठून जवळ आल्या. "मांडीवर नको, खांद्यावर घे. उजव्या. हां. आता पाठ थापट."

मी तसं केलं. "उगी गं माझी बाय," मी म्हणायला लागले आणि तिचा आवाज परत चढला.

"बोलू नको गो," चाची हळूच म्हणाल्या. "तुझा आवाज वळखीचा नाय तिला अजून. दोन-चार दिस गप राहा, मग बोल."

मी गप्प राहिले. चाची माझ्या पाठीशी उभ्या राहून माझ्या खांद्यावरच्या माझ्या लेकीशी त्यांच्या आवाजात बोलत राहिल्या, आणि ती झोपली.